लिपुलेखच्या पलीकडचा पाऊस

कैलास-मानसरोवर यात्रेत गालाहून लखनपूरला उतरणाऱ्या 4444 पायऱ्यांवर छत्री उघडण्यात अर्थ नाही. तिथे पाऊस काली नदीच्या दरीतून वाऱ्यावर बसून खालून येतो आणि तोंडावर आपटतो. 2016 साली या टप्प्यात गाडीरस्ता नव्हता. सिर्खा, गाला, बुधी, सगळं पायी. त्यातला कुठला दिवस कुठला, हे आता सांगता येणार नाही. सगळे ओले होते. आमच्यातले एक बुवा पोंचोच्या आत टाळ सांभाळत चालायचे आणि दर वळणावर "माउली, सावकाश" म्हणायचे. तिसऱ्या दिवशी त्या "सावकाश"चाही राग यायला लागला.

इथे इतका पाऊस का, हे कळायला अवघड नाही. तीस अंशांची हवा घनमीटरला सुमारे 30 ग्रॅम वाफ धरते, शून्य अंशांची जेमतेम 5. पायथ्याचं धारचूला 900 मीटरवर, तिबेटात उतरणारी लिपुलेख खिंड 5100 च्या आसपास. उतार तापले की हवा दरीने वर सरकते, पसरते, गार होते आणि अंगावरचं पाणी टाकत जाते. आपण चढावर बॅगेतलं एकेक सामान घोड्यावर टाकतो, तसंच. मालपाला 1998 च्या ऑगस्टमध्ये दरड कोसळून यात्रेकरूंचा मुक्काम गाडला गेला. तिथून जाताना बुवांचे टाळही गप्प होते.

छियालेखची खडी चढण संपली आणि गर्ब्यांगच्या पुढे बुटाखाली चक्क धूळ उडाली. आषाढीच्या वारीत पुण्यात भिजलेला माणूस दिवेघाट चढून जेजुरीकडे गेला की ढग डोक्यावर दिसतात, पण अंगावर येत नाहीत. तेच इथे, फक्त घाट कैकपट उंच.

लिपुलेख रात्री दोनला निघून, वारा उठायच्या आत ओलांडली. मानसरोवरात स्नान झालं.

खिंडीपलीकडे, तिबेटातल्या तकलाकोट भागात वर्षाकाठी 200 मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. जव आणि वाटाणा बर्फाच्या पाण्यावर काढतात. त्यामुळे कैलासाच्या परिक्रमेच्या पहिल्या दिवशी मी गेटर, म्हणजे बुटाचं तोंड झाकणारी पोटरीवरची आवरणं, बॅगेच्या तळाशी ठेवले. ही चूक. परिक्रमा जिथून सुरू होते ते यमद्वार सोडून तासभर झाला असेल, तोच साबुदाण्याएवढ्या मऊ गारा सुरू झाल्या. गार अंगावरून झटकता येते, पण बुटाच्या गळ्यात साठली की पायाच्या उबेने वितळते. मोजा ओला झाला की कातडी मऊ पडते, सरकते, आणि टाचेला फोड येतो. कातडी चुरचुरायला लागली त्याच क्षणी थांबून पट्टी मारायची असते. मी "मुक्कामाला, दिरापुकला बघू" म्हणालो.

पुढचे दोन तास मी देवाचं नाव घेतलं, आणि बूट बनवणाऱ्याचंही.

वाटेवर चहाचा एक तंबू होता. आत एक तिबेटी म्हातारी, हातात माळ. तिने माझ्या चालण्याकडे पाहिलं, काही न विचारता बूट काढायला लावला आणि मोजे पिळून शेगडीवरच्या तारेवर टाकले. शेगडीत याकच्या गोवऱ्या. या उंचीवर पाणी 83-84 अंशांनाच उकळतं, त्यामुळे चहाला भाजण्याइतका जोर नसतो. पण हवेचा दाब कमी असल्याने ओलं लवकर सुटतं. मोज्यांतून वाफ निघताना दिसत होती. सुई ज्योतीवर धरून मी फोड कडेने टोचला, पाणी दाबून काढलं, वरची कातडी तशीच ठेवली आणि चिकटपट्टी लावली. पैसे दिले तर तिने चहाचेच घेतले. मग तंबूचा पडदा बाजूला करून दक्षिणेकडे बोट दाखवलं.

तिकडे गुर्ला मांधाता शिखराच्या मागून पांढरी चादर सरकत येत होती. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

पठारावरचा नेहमीचा पाऊस वेगळा असतो. सकाळ निरभ्र, ऊन चढलं की जमीन तापते, दुपारी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग, तीन-चारला गारा, रात्री पुन्हा तारे. शून्य अंशाची रेघ डोक्यावर फार उंच नसते, म्हणून थेंबाऐवजी गार. आज मात्र ऊन पडलंच नव्हतं. पहाटेपासून वर पातळ पडदा होता. हे पाणी इथलं नव्हतं.

ते खिंडीतून चढून आलेलंही नसतं. दरीने वर येणाऱ्या हवेचं बरंचसं पाणी मालपा-बुधीतच सांडतं. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा जमिनीवर येऊन पूर्व-मध्य भारतावर सरकला, की तिथली आणि पायथ्याची वादळं बाष्प आणि बर्फाचे कण थेट हिमालयाच्या माथ्याहून उंच फेकतात. तिथला वारा नैऋत्येचा असला की तो ते उचलून शिखरांवरून पठारावर आणून टाकतो. तिबेटच्या या नैऋत्य कोपऱ्यातला उन्हाळी पाऊस सुमारे निम्मा असा वरून येतो, असं संशोधकांनी वादळांची वर्गवारी करून दाखवलं आहे. बाष्पाला पूर्वेला ब्रह्मपुत्रेच्या घळीचा दरवाजा आहे, हिवाळ्यात पश्चिमेकडून वादळी हवा, म्हणजे पश्चिमी विक्षोभ येतात. पण माझ्या मोज्यातलं पाणी या वरच्या वाटेने आलं होतं.

दुसऱ्या दिवशी डोल्मा-ला, परिक्रमेतली सगळ्यात उंच खिंड, 5630 मीटर. हवामान खात्यात 500 हेक्टोपास्कल हवेच्या दाबाचा म्हणून जो नकाशा काढतात, तो साधारण याच उंचीचा. नकाशात बाणांनी दाखवतात तो वारा इथे कानात शिरत होता. बुवांनी पताकांच्या दोऱ्यांपाशी डोकं टेकलं आणि ढसाढसा रडले. मी माझे हातमोजे त्यांना दिले. खिंडीखालचं गौरीकुंड तळं ढगातच राहिलं.

तकलाकोटला परतल्यावर जबलपूरच्या मावशीला फोन लागला. चार दिवस पाऊस थांबला नाही, ग्वारीघाटाच्या पायऱ्या बुडाल्या, म्हणाली. "तुमच्याकडे तरी कोरडं असेल ना रे?"

मोजे खिडकीत वाळत होते.