जुनी न्यूजरील हाताळताना

न्यूजरीलचा, म्हणजे पूर्वी सिनेमागृहात दाखवायच्या बातमीपटाचा, डबा उघडला की आधी वास घ्यायचा. व्हिनेगरसारखा आंबूस वास म्हणजे ॲसिटेट फिल्म (सहज न पेटणारी ‘सेफ्टी’ फिल्म) कुजायला लागली. मुंबईच्या दमट हवेत हे लवकर होतं, आणि शेजारच्या डब्यांनाही लागण होते. तो डबा आधी वेगळा काढा. नायट्रेट, म्हणजे चटकन पेट घेणारी जुनी फिल्म, मात्र निराळंच प्रकरण. १९५१ च्या सुमारास कोडॅकने ते बंद केलं. त्याआधीच्या ३५ मिमी रिळाच्या कडेवर ‘सेफ्टी’ असा शब्द नसेल तर ते नायट्रेटच समजा. एकदा पेटलं की पाण्याखालीही जळत राहतं. कोडॅकच्या कडेवरच्या खुणांवरून कोरी फिल्म कोणत्या साली बनली ते कळतं, पण खुणा दर २० वर्षांनी फिरून येतात. १९४२ की १९६२, हे चित्रातल्या मोटारी-गणवेशांवरून ठरवावं लागतं.

फिल्म आक्रसली असेल तर प्रोजेक्टरवर चढवूच नका, कडेची छिद्रं फाटतात. ३५ मिमीचं हजार फुटांचं रीळ सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने साधारण ११ मिनिटं चालतं.

आता मजकूर. युद्धातली बरीच दृश्यं मुकी टिपलेली असत. तोफांचा गडगडाट, संगीत, निवेदन नंतर चढवलेलं. म्हणून आधी आवाज बंद करून बघा. नाझी जर्मनीच्या साप्ताहिक न्यूजरीलमधली गर्दी नि सैनिक वेगळ्याच दिसायला लागतात. आपल्याकडेही १९४३ चं ‘इंडियन न्यूज परेड’ इंग्रज सरकारच्या युद्धप्रचाराचंच होतं. तेव्हा सूचीत निवेदकाचं वाक्य ‘घटना’ म्हणून उतरवू नका. दिसतं ते एका रकान्यात, ऐकू येतं ते दुसऱ्या.