आमची वाटचाल : आधी डिकी, मग वूफर

गाडीत वूफर (गाण्यातला खालचा, जाड आवाज काढणारा मोठा स्पीकर) बसवायचं काम कोल्हापुरात कोणीपण करतं. 12 इंची वूफर, पोर्टेड बॉक्स (हवेसाठी भोक ठेवलेला), डिकीत ढकलला, दोन पट्ट्या मारल्या, पोरं खूश. पण तो बॉक्स आतून 50 लिटरचा असला तर 18 एमएमचा एमडीएफ (भुशाचा दाबलेला बोर्ड) धरून बाहेरून 70 च्या घरात जातो आणि स्विफ्टची डिकी सगळी मिळून 265-268 लिटर. म्हणजे चौथा हिस्सा तिथंच गेला, उरलेल्यात मोठी बॅग आडवी बसत नाही की उभी बसत नाही. दिवाळीला गावाकडं जायची वेळ आली की घरातनं ऐकून घ्यावं लागतं आणि बॉक्स माळ्यावर जातो. आम्ही पहिल्यापासून उलटं केलं, आधी जागा बघायची, मग वूफर ठरवायचा. हे आज लिहायला घेतलं कारण समोरच्या लाइनीत एकानं "लपवलेल्या वूफरचे जनक" असा फ्लेक्स लावलाय. त्याच्यावर येतोच.

उद्यमनगरात गाळा घेतला तेव्हा कॅसेटचे डेक चालायचे आणि पार्सल ट्रेवर (मागच्या सीटमागची फळी) दोन ओव्हल स्पीकर लावले की लोक गाडी बघायला जमायचे. माझा हात वायरिंगचा. बरोबर आले ते मिस्त्री, त्यांचा हात फायबरचा, आधी टेम्पो आणि बसचे पार्ट करायचे. डिकीच्या बाजूला चाकाच्या मागं जो खड्डा असतो, जिथं लोक फडकं आणि पाण्याची बाटली टाकतात, तो बघून मिस्त्री पहिल्यांदा म्हणाले की अहो मालक ही जागा कुणाचीच नाही, हिचा बॉक्स करू. तिथनं आमचं खरं काम सुरू झालं.

त्या खड्ड्यात मास्किंग टेप, वर फॉइल, वर वॅक्स, मग फायबरची मॅट आणि रेझिन (वाळून कडक होणारं चिकट द्रव), थरावर थर. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला मदत करणारं औषध) आधी रेझिनमध्ये नीट हलवून घ्यायचं, हार्डनर शेवटी. हे दोन्ही थेट एकमेकांत ओतायचे नाहीत, कधीच नाहीत, भडका उडतो. आमच्याकडं दोन्ही बाटल्या आजही वेगळ्या कपाटात असतात, नवीन पोराला पहिल्या दिवशी कपाटं दाखवतो मग चहा पाजतो. पावसाळ्यात रेझिन चिकटच राहतं, एप्रिलमध्ये मगातच दगड होतं, हार्डनर किती टाकायचा ते मिस्त्री हवा बघून ठरवायचे. आणि आकार असा वेडावाकडा की टेपनं मोजून लिटर निघत नाहीत, मग मिस्त्रींची युक्ती म्हणजे चुरमुरे. कवच तयार झालं की त्यात काठोकाठ चुरमुरे भरायचे आणि लिटरच्या मापानं मोजत बाहेर काढायचे. वूफरच्या कागदावर सील्ड (पूर्ण बंद) बॉक्स 18 लिटर लिहिलाय आणि चुरमुरे 15 च माप निघाले तर समोरचा भाग तेवढा पुढं घ्यायचा. बाहेरचे लोक हसायचे, पण नुसत्या अंदाजानं डबा केला की तो एकाच सुरात घुमतो, हे ज्यानं ऐकलंय त्याला माहितीय.

मधली वर्षं बरी गेली, सीडी आली, पेनड्राइव्ह आला, काम होतं.

पण बुवांचं सांगायलाच पाहिजे. बुवा भजनी मंडळात पखवाज वाजवतात, गाडी जुनी वॅगनार, मागं सीएनजीची टाकी. टाकीपुढं जी काय जागा उरते तिथं पखवाज आणि सीटवर पेटी. बुवा आले आणि म्हणाले, "मला ते पोरांचं धाडधाड नको. पखवाजाच्या डाव्या अंगाला आम्ही कणीक लावतो, तो आवाज गाडीत येत नाही, तेवढा आणून द्या. आणि डिकीला हात लावायचा नाही." शेजारच्या सीटखालच्या ट्रेमध्ये त्यांचे टाळ असायचे, तिथंपण हात लावायचा नाही. राहिली ड्रायव्हर सीटखालची जागा.

तेव्हा बॉक्स आणि ॲम्प (स्पीकरला ताकद देणारी पेटी) एकत्र असलेले पातळ अंडरसीट वूफर आमच्याकडं नवीन होते. 8 इंची, उंची 7-8 सेंटीमीटर. लोक काय करतात, रिकाम्या सीटखाली पट्टी घालून उंची मोजतात आणि माल मागवतात. सीटवर माणूस बसल्यावर खालच्या स्प्रिंगा किती उतरतात ते कोण बघणार? आम्ही थर्माकोलचा तेवढाच तुकडा कापून खाली ठेवला, बुवांना बसवलं (बुवा शंभर किलोच्या आत नाहीत), सीट पुढं मागं पूर्ण सरकवली आणि तुकडा काढून बघितला, एका कोपऱ्यात स्प्रिंगेचा वळ उठलेला. मग वूफर दोन बोटं मागं घेतला, कार्पेटखालून पट्टी देऊन खाली बोल्ट केला. वेलक्रोवर सोडायचा नाही, ब्रेक मारल्यावर डबा पुढं सरकून पेडलखाली आला तर गाण्याचं काय घेऊन बसलात.

मग ट्युनिंग. लो पास (वरचे आवाज अडवणारं बटण) 80 हर्ट्झवर, कारण त्याच्या खाली आवाज कुठनं येतोय ते कानाला कळत नाही, म्हणून तर वूफर लपवता येतो. वर नेला की सीटखालनं माणूस बोलतोय असं वाटतं. फेजचं बटण (वूफरची हालचाल उलटी करणारं) 0 आणि 180 दोन्हीकडं करून ड्रायव्हरच्या जागी बसूनच ऐकायचं, जिथं बेस भरून येतो तिथं ठेवायचं. बुवा डोळे मिटून बसले, मी गेन (वूफरचा जोर) अगदी केसाएवढा वाढवतोय, आणि एका जागी त्यांनी हात वर केला, बास. त्या जागेवर नॉबला पांढरी खूण केली. त्यानंतर बुवांनी किती मंडळं आमच्याकडं पाठवली ह्याचा हिशोब नाही, कीर्तनकारांच्या गाड्यासुद्धा आल्या.

आता ते दुसरं, फ्लेक्सवाल्याचं. आमच्याकडंच शिकलेला पोरगा, नाव घेत नाही, समोर दुकान टाकलं. टाकू दे, माझं काही म्हणणं नव्हतं. आमच्या साइड बॉक्सचा साचा करून घेतला, तेपण सोडून दिलं. पण भाव असा पाडला की वायर किटच्या किमतीत वूफर फिटिंगसकट. ते परवडणार कसं, वायरीतच ना.

आम्ही बॉक्स बसवलेल्या एका गिऱ्हाइकानं समोर जाऊन दुसरा ॲम्प जोडून घेतला. बॅटरीपासनं नवीन जाड लाल वायर टाकली, बॅटरीजवळ फ्यूज नाही, आणि बोनेटच्या मागच्या पत्र्यातनं वायर आत घेताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या धारेला बसवायची कडी) नाही. पत्र्याच्या धारेवर वायर घासत राहिली आणि एका रविवारी संध्याकाळी, अख्खं कोल्हापूर रंकाळ्यावर असतं तेव्हा, बोनेटमधनं धूर. आग लागली नाही, कुणीतरी बॅटरीची वायर ओढून काढली, पण फोटो निघाले. आणि फोटोत काय दिसतंय, मागच्या काचेवर आमचा स्टिकर. रात्रीपर्यंत व्हॉट्सॲपवर सगळीकडं.

दुसऱ्या दिवसापासनं गिऱ्हाइकांचे फोन यायचे बंद. ठरलेली कामं रद्द झाली, एका शोरूमवाल्यांनी आमच्याकडं पाठवणं थांबवलं आणि वर गिऱ्हाइकाला सांगायला लागले की बाहेर वायरिंग केलं तर वॉरंटी जाते. मी ती जळकी वायर मागून आणली. ब्लेडनं खरवडली की तांब्याच्या रंगाखाली पांढरं ॲल्युमिनियम, जाडी सगळी प्लास्टिकची. तो तुकडा घेऊन मी लोकांना दाखवत फिरलो पण तोपर्यंत ज्याला जे बोलायचं ते बोलून झालं होतं. समोरचा मात्र दुकानाच्या दारात उभा राहून "अरेरे" म्हणत होता. गाळ्याचं भाडं थकलं, मिस्त्रींनी दोन महिने पगार घेतला नाही, मी लाकूडकामाचा राउटर आणि कॉम्प्रेसर विकायला काढला होता, गिऱ्हाईक येऊन बघूनपण गेलं. त्या काळात बुवा दर गुरुवारी गाडी आणून दुकानापुढं लावायचे, काही काम नसताना, दारं उघडी, पखवाज चालू. येणारा जाणारा थांबायचा, विचारायचा हे कुठनं येतंय, बुवा म्हणायचे शोधा. डिकी उघडून बघायचे तर टाकी आणि पखवाज. तिथनं एकेक काम परत यायला लागलं. मग 2020 चा लॉकडाऊन आला, पण ते सगळ्यांचंच होतं, त्याचं काय सांगायचं.

आता काम बदललंय. टचस्क्रीन कंपनीचीच असते, ती कुणी काढत नाही, म्हणून मागच्या स्पीकरच्या लाइनीवरनं हाय लेव्हल इनपुट घ्यायचा (स्पीकरला जाणारा आवाजच ॲम्पला द्यायचा), कपलर टू कपलर (वायरींचे खटक्याचे जोड), एकपण वायर न कापता. सीटखाली पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा, त्याला हात लावायचा नाही. सीट काढायचीच असेल तर आधी बॅटरीचं टर्मिनल काढून थोडा वेळ थांबायचं. काही गाड्यांत मागच्या एसीचा डक्ट सीटखालनं जातो, तो दाबला की मागचे लोक उकडून निघतात. सीएनजीतपण बदल झाला, टाटांनी 2023 ला अल्ट्रोझमध्ये डिकीच्या फळीखाली दोन छोट्या टाक्या आणल्या, म्हणजे डिकी मोकळी पण स्टेपनीच्या खड्ड्यात वूफर बसवायची आमची जुनी जागा गेली. तिथं परत मिस्त्रींचा साइड बॉक्स कामाला येतो. मिस्त्रींचे डोळे आता साथ देत नाहीत, पण चुरमुरे तेच मोजतात, उरलेल्याचं भडंग करतात.

आणि पोरांनो, डब्यावर 1200 वॅट लिहिलेलं वाचून भुलू नका, त्याच्या मागचा फ्यूज बघा. 20 अँपिअरचा असला तर गाडी चालू असताना 14 व्होल्ट धरले तरी आत जाणार 280 वॅट, मग बाहेर 1200 कुठनं येणार? हे मी समोरच्या दुकानातपण जाऊन सांगितलंय.

दाखवायला येणार असाल तर गाडी धुऊन रिकामी करून आणू नका. स्टेपनी, जॅक, पोराची सायकल, छत्र्या, जे रोज डिकीत असतं ते सगळं घेऊन या, मापं ते आत असतानाच घेतो. सोमवारी बंद असतं.