तिकडं आपलं कोण आहे?

सहलीचा बेत ठरू लागला की आमच्या सांगलीकडच्या घरांत पहिला प्रश्न प्रेक्षणीय स्थळांचा निघत नाही, तर 'तिकडं आपलं कोण आहे?' हा निघतो. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हिमालय स्वच्छ दिसतो, म्हणून दिवाळीनंतर काशी, गोरखपूर, तिथून सोनौलीची सीमा ओलांडून लुंबिनी, पोखरा आणि शेवटी काठमांडू असा बेत मी परवा दुपारच्या चहाला मांडला, तेव्हा आईने हिमालयाबद्दल चकार शब्द काढला नाही. काशी म्हटल्याबरोबर ती निश्चिंत झाली, कारण काशीत आपली माणसे आहेत.

खानापूर-आटपाडीकडे ज्याचे आजोळ आहे, त्याला याचे नवल वाटणार नाही. त्या दुष्काळी माळावरची माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात शिरली आणि देशभरच्या सराफ बाजारांत जाऊन बसली. आमचे एक लांबचे मामा असेच बनारसला गलाईवाले होते. ते यात्रेला गावी आले की आम्ही मुले त्यांच्या बोटांकडे बघत बसायचो. नखांच्या कडा आणि बोटांची टोके पिवळी पडलेली असत, आणि तो सोन्याचाच रंग आहे अशी आमची पक्की समजूत होती. जुना दागिना मुशीत वितळवायचा, त्यात मिसळलेले तांबे आणि चांदी तेजाबात विरघळवून सोने वेगळे काढायचे, आणि त्या तेजाबाचाच डाग कातडीवर राहायचा, हे पुढे कळले. विश्वनाथाचे देऊळ कसे आहे असे कोणी विचारले की मामा म्हणत, "शेजारीच आहे की, कधीही जाता येतं," आणि लगेच विट्याच्या बाजारातल्या शेळ्यांचा भाव विचारत.

आपल्या माणसांकडे उतरण्याला माझी हरकत आहे ती एवढ्यासाठीच. गंगेच्या काठी जाऊनही आपण शेंगदाण्याची चटणी आणि भाकरीच खाणार, गावातल्या भाऊबंदकीच्या गोष्टी मध्यरात्रीपर्यंत ऐकणार, आणि पहाटेचा घाट झोपेत घालवणार. परक्या मुलखात थोडेसे परके वाटलेच पाहिजे, नाहीतर जायचे कशाला?

त्या दृष्टीने नेपाळ मला फार सोयीचा वाटला होता. तिथे जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरते. पण सीमा ओलांडताच घड्याळ 15 मिनिटे पुढे करावे लागते, साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, आणि सरकारी कागदावरही विक्रम संवत चालतो, जो आपल्या पंचांगातल्या शकाच्या 135 वर्षे पुढे आहे. हे सगळे मी आईला मोठ्या उत्साहाने सांगितले. ओघात पशुपतिनाथाच्या गाभाऱ्यात पूजा करणारे भट्ट पुजारी परंपरेने दक्षिणेतून, बहुतेक कर्नाटकातून नेमले जातात, हेही सांगून बसलो. कर्नाटकाची हद्द आमच्या मिरजेपासून हाकेच्या अंतरावर आहे. "म्हणजे शेजारचेच की," असे म्हणून आईने तासगावच्या बेदाण्यांची दोन पाकिटे यादीत वाढवली.

मग मी पोखऱ्याला वळलो. तिथल्या फेवा तलावावरून माच्छापुच्छ्रे नावाचे 6,993 मीटर उंचीचे शिखर दिसते. 1957 साली एक ब्रिटिश तुकडी त्याच्या माथ्यापासून थोड्याच अंतरावर थांबून परतली, कारण ते पवित्र मानतात. त्यानंतर त्यावर चढाईला परवानगीच नाही. तिथे आपले काय, कोणाचेच कोणी नाही, असे मी ठासून सांगितले.

आईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मग त्या गावात जेवायची सोय काय?"