खालून

लोकांच्या घरी गेलो की मला एक वाईट खोड आहे. यजमान पाणी आणायला आत वळले की मी खुर्ची उलटी करून बघतो. वरून सगळ्याच खुर्च्या गोड असतात. खाली हात घातला की कळतं, कुठे प्लायवूडचा तुकडा ठोकलाय, कुठे फेविकॉल ओघळून वाळलाय. बायकोने यावरून मला चारचौघांत बोलणं आता सोडून दिलंय. ती फक्त खिडकीबाहेर बघते.

तशी ती गेल्या उन्हाळ्यात डेन्मार्कला, कोपनहेगनमध्येही खिडकीबाहेर बघत होती. लेकीकडे गेलो होतो. दुपारी काही उद्योग नव्हता म्हणून लेक आम्हाला रावन्सबोर्गगेड नावाच्या रस्त्यावर घेऊन गेली. जुन्या सामानाची दुकानं, म्हणजे आपल्या जुन्या बाजाराचा आंघोळ करून आलेला भाऊ. एका दुकानात कोपऱ्यात एक खुर्ची होती. बसायची फळी आणि पाठीची फळी, दोघी दोन्ही दिशांनी हलक्या वळलेल्या, जणू कुणाच्या तरी बसण्याचा ठसा लाकडात राहिलाय. पाय आणि बाजूची चौकट पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून वाकवलेली. दुकानदाराकडे पाठ केली आणि उलटी केली.

खाली स्क्रू! उघडे, सरळ, लाज न बाळगता दिसणारे स्क्रू. दोन बाजूंच्या चौकटी, मध्ये पाठ आणि बैठक, आणि सगळं स्क्रूवर. पिळा आणि सुटी करा.

नाव विचारलं तर दुकानदार म्हणाला, ‘एएक्स’. आणि करणाऱ्यांची दोन नावं सांगितली, ती मला ऐकूच आली नाहीत. डॅनिश माणसं अर्धी अक्षरं घशात ठेवून देतात. लेकीने कागदावर लिहून दाखवलं: पीटर विट आणि ओर्ला मोल्गॉर-निल्सन. विट लिहिताना पुढे एक ‘ह’ आणि आत एक ‘ड’ असतो, दोघेही गप्प. अर्थ काय, तर पांढरं. म्हणजे आमच्या सोलापूरकडचे पांढरेच की.

रात्री झोप येईना तेव्हा फोनवर वाचत बसलो. मोल्गॉर-निल्सन 1907 चे, विट 1916 चे. थोरला कोरे क्लिंटचा विद्यार्थी. हा क्लिंट म्हणजे डॅनिश फर्निचरवाल्यांचा गुरुजी. माप, प्रमाण आणि जुन्या सुतारकामाचा आदर शिकवणारा. धाकटा आर्किटेक्टही आणि सुतारकाम शिकलेलाही. 1944 साली दोघांनी मिळून कार्यालय काढलं आणि 1975 पर्यंत चालवलं. एकतीस वर्षं! आमच्या सोसायटीत दोन माणसांची कमिटी एकतीस दिवस टिकत नाही. त्यात कुठली रेघ कुणाची हे आता कसं सांगणार? शंकर-जयकिशनमधली अमुक चाल कुणाची यावर आमच्या वडिलांचे मित्र रात्र रात्र भांडत. खुर्च्यांवरून भांडणारे तिकडेही असतीलच.

एएक्स चाळीसच्या दशकाच्या शेवटी आखलेली. फ्रिट्झ हान्सनच्या कारखान्यासाठी. लाकडाच्या पट्ट्या चिकटवून वाकवायची युक्ती त्यांनी टेनिसच्या रॅकेटवरून उचलली, आणि हे वाचून मी अंथरुणात उठून बसलो. खरंच, जुनी लाकडी रॅकेट आठवा. तीही पातळ पट्ट्यांचीच, वजनाने हलकी आणि ताणाला पक्की. आता ती रॅकेट मनातल्या मनात कापा आणि तिच्यावर माणूस बसवा. मिलानच्या 1951 च्या त्रैवार्षिक प्रदर्शनात या जोडीचा सन्मानही झाला. पण या खुर्चीचं खरं प्रयोजन बक्षीस नव्हतं. तिला जहाजात चढायचं होतं. उभी खुर्ची म्हणजे बरीचशी हवा, आणि हवेचंही भाडं पडतं. म्हणून ती सुटी होऊन चपट्या खोक्यात झोपणारी केली. क्लिंटच्या शिष्याने स्क्रू लावले, ते असे.

आणि इथेच मला आमचा पलंग आठवला.

वडिलांची बदलीची नोकरी. सातारा, नांदेड, अकोला, परत सातारा. प्रत्येक वेळी ट्रक यायच्या आदल्या रात्री पलंग सुटा व्हायचा. आजोबांच्या वेळचा, सागवानी, चार पाय, दोन डोक्याकडच्या चौकटी, लांब दांड्या आणि बोल्ट. ज्या सुताराने केला त्याने प्रत्येक जोडावर पटाशीने खुणा केल्या होत्या: एक चीर, दोन चिरा, तीन चिरा, चार. एकाला एक, दोनाला दोन. वडिलांनी बोल्ट सोडवायचे, मी मोजायचे, आईने ते जुन्या रुमालात गाठ मारून स्वतःच्या पिशवीत ठेवायचे, ट्रकमध्ये नाही. ट्रकमध्ये कपाट गेलं तरी चालेल, रुमाल नाही. त्या रात्री आम्ही सगळे जमिनीवर गाद्या टाकून झोपायचो आणि रिकाम्या खोलीत आमचे आवाज घुमायचे. मला ती रात्र दिवाळीसारखी वाटायची. आईला कशी वाटायची ते मी कधी विचारलं नाही.

नांदेडला रुमालाची गाठ सोडली तेव्हा एक बोल्ट कमी निघाला. मोजणारा मी. वडील काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून एक नवा, थोडा बारीक बोल्ट आणला आणि त्याला सुतळी गुंडाळून बसवला. तेव्हापासून तो पलंग कुशीवर वळलं की कुईं करायचा. वडील गेले तेव्हाही करत होता.

तर दुकानात ती उलटी खुर्ची हातात धरून मी बघत होतो आणि मला दिसलं की एक स्क्रू वेगळा आहे. बाकीच्यांवर काळपट कळा आलेली, हा चकचकीत. कुणीतरी कधीतरी घर बदललं होतं.

किमतीची चिठ्ठी बघून मी क्रोनरला तेराने गुणलं. मग बाराने गुणून बघितलं. लेक म्हणाली, ‘‘बाबा, सुटी होते ना, मग बॅगेत जाईल.’’ मुद्दा बिनतोड होता. ज्यांनी ती केली त्यांना अगदी हेच हवं होतं. बायको खिडकीबाहेर बघतच म्हणाली, ‘‘तेवीस किलोत लोणच्याच्या बरण्या आल्या, जाताना चीज जायचंय.’’ संपलं.

शेजारी याच जोडीचं आणखी एक टेबल होतं, सागाचं. त्या काळात सयामचा साग बोटी भरभरून डेन्मार्कला जायचा आणि सगळा देश त्याच्या प्रेमात पडला होता. दुकानदार मला साग म्हणजे काय ते समजावून सांगू लागला. मी मान डोलावली. यजमानांच्या देशात आपला साग आपल्यालाच समजावून घेतला, बिघडलं काय.

पुढच्या आठवड्यात जावई आम्हाला जटलँडला घेऊन निघाले. वाटेत सामुद्रधुनीवर एक मोठा झुलता पूल लागला, 1970 चा, दोन खांबांमधलं अंतर सहाशे मीटर. लेक म्हणाली, ‘‘बाबा, तुमच्या खुर्चीवाल्यांचा.’’ खरंच. नव्या लिलेबेल्ट पुलाचे आर्किटेक्ट विट आणि मोल्गॉर-निल्सन होते. चहाच्या ट्रेएवढ्या फळीला बाक देणारे हात आणि समुद्रावर हा एवढा पसारा! मी काच खाली केली, मान बाहेर काढली आणि पुलाच्या कडेला बघू लागलो.

बायको पुढच्या सीटवरून म्हणाली, ‘‘अहो, गाडी थांबणार नाहीये.’’