वरचा भुसा

जळगावात राहून केळी विकत आणायची म्हणजे थोडा कमीपणाच वाटतो. ओळखीत कोणाचं ना कोणाचं शेत रावेरकडे नाहीतर यावलकडे असतंच, आणि मग कधीतरी संध्याकाळी दारात मोटरसायकल थांबते, दोन-तीन फण्या ओट्यावर येतात, "व्यापाऱ्याने सोडल्या, दिसायला नाहीत पण खायला एक नंबर" असं म्हणत माणूस चहा न घेताच निघून पण जातो. इथपर्यंत आनंद आहे. प्रॉब्लेम पुढे. त्या फण्या पिकतात सगळ्या एकाच दिवशी. सोमवारी हिरव्यागार, बुधवारी बघता बघता पिवळ्या, आणि शुक्रवारी सकाळी घरभर वास सुटलेला, सालीवर तपकिरी ठिपके आणि स्वयंपाकघरात चिलटं. फ्रिजमध्ये टाकावी तर साल काळीठिक्कर पडते, केळ्याला थंडी सोसत नाही, साधारण 13 डिग्रीच्या खाली गेलं की ते रुसतंच. आपल्या केळ्याला 2016 साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय हे सांगून चार डझन केळी संपत नाहीत.

मग शिकरण. पहिल्या दिवशी सगळे खातात, दुसऱ्या दिवशी मी खातो, तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "पप्पा, आज पण शिकरण असेल तर मी मामाकडे चालले." तिचं चूक नाही. शिकरणात सगळं मऊच असतं हो, दूध मऊ, केळं मऊ, पोळी बुडवली की ती पण मऊ, खाताना दातांना काही कामच नसतं. आणि आपण खान्देशी माणसं, आपल्याला कुठल्याही पातळ गोष्टीवर काहीतरी कुरकुरीत पाहिजेच, भाजीवर पण शेव टाकणारे आपण, खिचडीसोबत बिबडा, म्हणजे ज्वारीचा पापड, नसला तर जेवण झालंय की नाही याचीच शंका येते.

त्याच आठवड्यात मोबाईलवर ते क्रंबल प्रकरण दिसलं. खाली फळ, वर पीठ-लोणी-साखरेचा चुरा, आणि ओव्हनमध्ये भाजायचं, बस. हा इंग्लंडचा घरगुती प्रकार. तिकडे दुसऱ्या महायुद्धात 1940 पासून लोणी, साखर रेशनवर गेली, ती भानगड पार 1954 पर्यंत चालली, तेव्हा फळावर पिठाची पारी घालून भाजतात त्या 'पाय'साठी पीठ मळून लाटायला तेवढं लोणी कुठून आणणार, म्हणून थोडक्यात भागणारा हा चुरा घराघरात चालला असं सांगतात. मला हे फार आवडलं. कारण माझ्याकडे पण तसंच होतं, केळी ढीगभर आणि बाकी कौशल्य रेशनवर.

रेसिपीत लिहिलेलं, गार लोणी पिठात बोटांच्या टोकांनी चोळा, ब्रेडच्या चुऱ्यासारखं झालं पाहिजे. आता महिना मे. जळगावचा पारा 45 च्या आसपास. घरचं तूप बरणीत पाण्यासारखं हलत होतं, ते पिठात ओतलं आणि चोळायला घेतलं तर चुरा कसला होतोय, बेसनाच्या लाडवाचं मिश्रण झालं. तरी तसंच केळ्यांवर थापलं आणि भाजलं. वर जे तयार झालं ते खापराच्या तुकड्यासारखं होतं, चमचा लागत नव्हता, बायकोने सुरीचं टोक घालून फोडलं. नंतर डोक्यात प्रकाश पडला की गार तूप का म्हणतात ते, घट्ट असलं की त्याचे बारीक बारीक खडे पिठात तसेच राहतात, ओव्हनमध्ये ते वितळतात आणि त्या जागा पोकळ राहून कण कण सुटा होतो. आधीच पातळ असलं तर पीठ सगळं पिऊन टाकतं आणि गोळा होतो. म्हणजे हा प्रकार इंग्लंडच्या थंडीत जमून जातो, आपल्याकडे आधी तूप वाटीत घालून फ्रिजमध्ये दोन तास ठेवायचं, आणि पंखा लावून, पटापट, हाताची ऊब लागायच्या आत. डिसेंबरात मात्र काही करावं लागत नाही, बरणीतलं तूप सकाळी आपोआप रवाळ गोठलेलं असतं.

दुसऱ्या वेळी मैद्याच्या जागी दादरचं पीठ घेतलं. दादर म्हणजे आपली रब्बीची ज्वारी, तिच्या भाकरीची चव काय सांगायची, पण ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून नवशिक्याला भाकरी थापताना ती रडवते, कडा फाटतात, तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. तोच अवगुण इथे कामाला आला. चुऱ्याला धरून ठेवणारं काही नकोच असतं ना. एक वाटी दादरचं पीठ, मूठभर कणीक, अर्धी वाटी बारीक चिरलेला गूळ, अर्धी वाटी गार तूप, भाजून जाडसर कुटलेले शेंगदाणे आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका. खाली केळ्याचे जाड काप, तेही जरा टणक असतानाचे, ठिपकेवाली घेतली की लगदा होतो, वर लिंबू पिळलेलं आणि जायफळ. 180 डिग्रीला 25 मिनिटं. बाहेर काढलं तर वास असा की शेजारच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, काय चाललंय.

आणि मग मी शहाणपणा केला. पाहुणे आठ वाजता येणार होते, मी सातलाच काढून ठेवलेलं, गार होऊ नये म्हणून वरून झाकण घातलं. आठला झाकण काढलं तर आतून थेंब ठिबकत होते आणि वरचा सगळा चुरा ओला, भिजलेल्या पोह्यासारखा. पाहुण्यांनी "छान आहे हां" म्हणून खाल्लं, आपल्या लोकांचा चांगुलपणा.

माय तिच्या खुर्चीत बसलेली. मायचं बोलणं अहिराणीच आहे, अंमळनेरकडची ती. तिने वाटी नाकाजवळ नेली, चमच्याने वरचं बाजूला सारलं आणि विचारलं, "हाऊ वरना भुसा कसाना शे रे भाऊ?"

त्या दिवसापासून आमच्या घरात टॉपिंग हा शब्द कोणी वापरत नाही. भुसाच. मुलगी पण मैत्रिणींना सांगते, आज आमच्याकडे भुसा आहे.

मी मायला समजवायला गेलो की माय, हा कुरकुरीत होता, वाफेने मऊ पडला. ती म्हणे, "शेवभाजीमा शेव कव्हय टाकतस?"

"वाढाना टाइमले," मी म्हणालो.

"मंग?"

एवढंच. पुढे ती काही बोलली नाही, केळी तेवढी खाल्ली. मला मात्र रात्री झोप येईना, कारण 42 वर्षं मी शेवभाजी खातोय, धाब्यावर रस्सा वेगळा आणि शेव वेगळी मागवणारा माणूस मी, कोणी आधीच शेव टाकून आणली तर परत पाठवणारा, आणि गोडाच्या बाबतीत ही साधी अक्कल मला आली नाही. ओलं आणि कोरडं एका भांड्यात ठेवलं की ओलंच जिंकतं. गूळ आणि साखर तर हवेतलंच पाणी ओढून घेतात, फळाजवळ बसवल्यावर विचारूच नका. तेव्हापासून मी फळ वेगळं शिजवतो, भुसा ताटलीत पसरून वेगळा भाजतो, पूर्ण गार झाला की घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरतो आणि प्रत्येकाच्या वाटीत आयत्या वेळी घालतो. यात एक तोटा आहे. वाढणारा शेवटी बसतो, आणि तेवढ्यात कोणीतरी "अजून थोडा भुसा" म्हणतं, मग उठा. माझ्या वाटीतला तोवर मऊ झालेला असतो. बायको म्हणाली, "आता कळलं?" मी विषय बदलला.

डोळे उघडल्यावर मग सगळीकडे तेच दिसायला लागलं. आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, ताट घ्या ना. खापरावरची पुरणपोळी, रुमालासारखी मऊ, पातेलंभर आमरस, रस्सी म्हणजे कटाची आमटी, भात, आणि बाजूला तळलेली कुरडई. लहानपणी मी कुरडई हातात चुरगाळून रसात टाकायचो आणि मायचा धपाटा खायचो, तिचं म्हणणं कुरडई वेगळी चावायची आणि मागून रसाचा घोट. आमच्या घरात यावरून अजून दोन पार्ट्या आहेत. मी मधला मार्ग काढलाय, वाटीत रस, त्यावर वेलची, आणि घास घ्यायच्या क्षणी वरून चिमूटभर कुरडईचा चुरा. गव्हाच्या चिकाची कुरडई तेलात पडली की फुलून जाळीदार होते, त्या जाळीत रस शिरायच्या आत तोंडात गेली पाहिजे. साधारण दहा सेकंद मिळतात. धावपळ होते पण मजा येते.

केळ्यावर केळ्याचेच वेफर्स पण मी करून पाहिलेत. सावदा-फैजपूरच्या रस्त्याने गेलात तर कढईवर थेट किसणी धरून कच्च्या केळ्याचे वेफर्स पाडतात, गरम गरम कागदात. ते खारे वेफर्स चुरून घट्ट शिकरणावर टाकले, मुलगी मामाकडे जायची थांबली. पिकलेलं खाली आणि कच्चं वर, एकाच झाडाचं.

उन्हाळ्यात ओव्हन लावायची इच्छाच होत नाही, तेव्हा चिक्की. यात खरं कसब पाकाचं आहे आणि ते मी मायकडूनच शिकलो, तीन वेळा जाळून. वाटीभर गूळ, चमचाभर तूप, मंद गॅस, आणि शेजारी गार पाण्याची वाटी. गूळ आधी वितळतो, मग त्याला फेस येतो, मग रंग बदलतो, आणि इथून पुढे फोन उचलायचा नाही. थेंब पाण्यात टाकायचा. पहिल्यांदा तो बोटाला चिकटतो, नंतर च्युइंगमसारखा लांबतो, लोकांना वाटतं झालं आणि ते इथेच गॅस बंद करतात, मग ती चिक्की दाढेला बसते आणि डेंटिस्टकडे सुटते. अजून एक-दोन मिनिटं. थेंबाची गोळी वाटीच्या काठावर आपटली की टण्ण असा आवाज आला पाहिजे, काचेसारखा. त्या आवाजानंतर तुमच्याकडे वेळ फार थोडा, शेंगदाणे आणि तीळ टाका, दोनदा हलवा, तूप लावलेल्या ओट्यावर ओता, लाटणं फिरवा. गार झाल्यावर पिशवीत घालून खलबत्त्याने ठेचा. झाला भुसा. पावसाळ्यात मात्र हा करू नका, आषाढातल्या हवेने डब्यातल्या डब्यात त्याचा चिकट गोळा होतो आणि तो काढायला परत खलबत्ताच लागतो.

पावसाळा संपता संपता सातपुड्याची सीताफळं येतात, तोरणमाळकडची, लहान पण गोड. त्याचं मी फार काही करत नाही कारण त्याला उष्णता दाखवली की कडवट होतं, दूध आटवून पूर्ण गार केल्यावरच गर मिसळायचा, वर भाजलेली चारोळी. थंडीत जाम, म्हणजे पुण्या-मुंबईचे लोक ज्याला पेरू म्हणतात ते. एकदा पुण्याच्या पाहुण्यांना मी फोनवर "जामाचं गोड केलंय" म्हटलं तर ते ब्रेड घेऊन आले होते. जाम थोड्या साखरेत शिजवून, बिया गाळून, वर दादरचा भुसा, तूप तेव्हा घट्ट असतंच, माझ्या मते वर्षातलं सगळ्यात चांगलं जमणारं हेच. आणि टरबुजावर मात्र काही टाकू नका, मी टाकलेलं आहे, आयतं पाणी आहे ते, भुसा पोहायला लागतो.

परवा शहाद्याकडून पपई आली, दोन मोठ्या, अजून हिरवट. मी हिशोब केला, बुधवारपर्यंत पिकतील. खाली घरचा चक्का थोडी पिठीसाखर घालून, त्यावर पपईचे तुकडे आणि वर भुसा असा बेत. पपई दह्या-दुधात फार वेळ ठेवली की कडू होते, म्हणून सगळं आयत्या वेळीच जुळवायचं. रविवारी निवांत भुसा भाजला, डबाभर. झाकण घट्ट लावून वरच्या फळीवर ठेवला. मुलीला सांगितलं हात लावायचा नाही, बायकोला सांगितलं नाही कारण तिला सांगायची माझी टाप नाही, मायला सांगायचा प्रश्नच नव्हता, तिचे डाव्या बाजूचे दात गेलेत, ती नेहमी म्हणते माले तो भुसा नको, मऊ तेवढं दे.

सोमवारी येता-जाता मी पण चिमूटभर खाल्ला, खोटं कशाला बोलू, भाजलाय कसा ते बघायला नको का. मंगळवारी डबा जरा हलका वाटला. बुधवारी संध्याकाळी पपई कापली, आत केशरी रंग असा की बघत राहावं, चक्का वाटीत घातला, तुकडे मांडले, सगळ्यांना हाक मारली आणि फळीवरून डबा काढला. तळाशी चार तीळ आणि अर्धा शेंगदाणा. मुलगी म्हणाली मी नाही, बायको म्हणाली मी एकदाच, चमचाभर. माय खिडकीतून बाहेर बघत बसलेली. तिचा उजवा गाल हळूहळू हलत होता.