आजीच्या सागवानी चौकटीसाठी शेवटी कामी आलं ते एक्सा ब्लेड

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला. घर मातीच्या भिंतीचं आणि समोरची चौकट आजीच्या लग्नाच्या आधीची, सागवानी, वर वेलबुट्टी कोरलेली. या पावसाळ्यानंतर बघितलं तर खालचं वीतभर लाकूड उधईनं पोखरलेलं, बोट दाबलं की आत जायचं. तेवढाच तुकडा कापून नवा बसवायचा होता, पण त्याच्या मागून एक जुना खिळा भिंतीत गेलेला, तो तोडल्याशिवाय तुकडा निघत नव्हता आणि पहार लावली असती तर भिंतीची माती आणि वरची नक्षी दोन्ही गेली असती.

मी आधी चुलतभावाचं ग्राइंडर आणलं. आई लगेच बाहेर आली, "अरे बाप्पा, आत कापूस भरला हाय, ठिणगी उडाली त काय करशीन?" खरंच, भाव वाढेल म्हणून आतल्या खोलीत कापूस ठेवलेला, आणि मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेणाऱ्या चकतीची ठिणगी कुठं जाईल सांगता येत नाही. शिवाय चौकट आणि भिंतीमधली फट बोटभरसुद्धा नव्हती, चकती आत गेलीच नसती. ग्राइंडर परत दिलं.

मंग एक्सा ब्लेड, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं पातं, आणलं, फ्रेम न लावता नुसतं, एका टोकाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून मूठ केली. पहिलं ब्लेड इंचाला 18 दातांचं होतं, ते खिळ्यावर अडकून अडकून धावायचं आणि थोडं वाकलं तसं तटकन तुटलं. गावातल्या सुतारभाऊंना दाखवलं तर ते म्हणाले, "खिळा बारीक हाय न, निदान तीन दात तरी एका वेळी टेकले पायजे, 24 चं आन. अन् बायमेटल घेजो, ते लवते, तुटत नाही." आणि ब्लेड उलटं धरायला सांगितलं, दात आपल्याकडे करून. "ढकललं त वाकते, ओढलं त सरळ रायते."

हे ऐकल्यावर काम एकदम बदललं! फटीत ब्लेड सरकवलं, ओढताना हलका दाब आणि परत नेताना अजिबात दाब नाही, थेंबभर तेल, आणि साधारण वीस मिनिटांत खिळा कापला गेला, हाताला एकदम हलकं लागलं तेव्हाच कळलं.

लाकडाला मात्र ते ब्लेड चालत नाही, बारीक दातांत भुसा भरतो आणि ते नुसतं घासत राहतं. त्यासाठी भाऊंची बारीक दातांची आरी घेतली, आधी कटरनं रेघ खोल ओढून घेतली म्हणून सालपट उडालं नाही, नक्षीच्या शेवटच्या पानाखाली अर्धा इंच सोडून कापलं. उरलेलं पटाशीनं साफ केलं, उधईचं औषध भरलं, वाळू दिलं, जुन्या सागवानाचा तुकडा फेविकॉलनं बसवला.

जोड अजून दिसतो, नवा तुकडा थोडा फिका आहे. पण ते पान शाबूत आहे, आजी दुपारी तिथंच टेकून बसते.