लाकूडकामाच्या बेंचला व्हाइस बसवताना: आधी मागचा जबडा, मग बोल्ट

बेंचला व्हाइस, म्हणजे काम दोन जबड्यांत पकडून धरणारा शिकंजा, लावायचा म्हणजे चार बोल्ट आवळायचे, असं वरवर वाटतं. बोल्ट हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. मागचा, न हलणारा जबडा बेंचच्या कडेशी नेमका कुठे येणार, हे आधी ठरवावं लागतं. ते चुकलं की उत्तम व्हाइससुद्धा लांब फळी धड धरत नाही.

इथे बोलतोय ते बेंचच्या पोटाखाली बसणाऱ्या, मधे स्क्रू आणि बाजूला दोन दांडे असलेल्या बिडाच्या व्हाइसबद्दल. शेफील्डच्या ‘रेकॉर्ड’चे ५२, ५२½ आणि ५३ हे या घडणीचे नावाजलेले नमुने, त्यांचे जबडे अनुक्रमे ७, ९ आणि १०½ इंची. आजचे बरेच व्हाइस त्यांच्यावरच बेतलेले असतात. फर्निचरच्या कामाला ९ इंची पुरतो. बेंचच्या वर बसणारा, दातेरी जबड्यांचा फिटरचा व्हाइस या कामाचा नाही. तो लाकडावर दातांचे ठसे उठवतो आणि रंध्याच्या वाटेत येतो.

जागा निवडायची ती हात बघून. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा रंधा उजवीकडून डावीकडे चालतो, म्हणून व्हाइस समोरच्या कडेला डाव्या टोकाजवळ. फळीचं डावं टोक जबड्यात, बाकीची फळी उजवीकडे बेंचच्या कडेला टेकलेली. डावखुऱ्यांनी हे उलटं करायचं. व्हाइस बेंचच्या पायाच्या जितका जवळ तितकं बरं, कारण पटाशीचे ठोके मग बेंचच्या वरच्या फळीला न हादरवता थेट पायात उतरतात. पण बेंचखालची जागा व्हाइस पूर्ण बंद करून मोजा. बंद असताना दांडे आणि स्क्रू मागे सर्वांत लांब जातात, आणि तिथेच आडवी पट्टी किंवा खणाचा कप्पा आडवा येतो.

आता उंची. जबड्याचं लोखंड बेंचच्या पृष्ठभागाखाली १० ते १५ मिमी हवं. वर फक्त लाकडी अस्तर यावं. लोखंड पृष्ठभागाच्या पातळीत ठेवलं, तर रंध्याचं पातं कधी ना कधी त्यावर आपटणारच. यासाठी पॅकिंगची, म्हणजे व्हाइस आणि बेंचची वरची फळी यांच्यामध्ये घालायच्या ठोकळ्याची, जाडी अशी काढा: व्हाइसच्या बसकणीच्या सपाट भागापासून जबड्याच्या माथ्यापर्यंतचं अंतर, अधिक जबडा जितका खाली हवा ते, वजा वरच्या फळीची जाडी. समजा अंतर ७५ मिमी आहे, जबडा १२ मिमी खाली हवा आहे आणि फळी ५० मिमी जाड आहे. ७५ अधिक १२ वजा ५०, म्हणजे ३७ मिमी पॅकिंग. उत्तर उणे आलं तर फळी जास्त जाड आहे. पॅकिंग नको, उलट खालून तितकी खोल खाच मारायची. पॅकिंग प्लायवुडचं करा, किंवा अखंड लाकडाचं असेल तर रेषा बेंचच्या रेषांच्याच दिशेने ठेवा. आडव्या रेषांचं लाकूड डिंकाने पक्कं चिकटवलं, तर हवेतल्या ओलाव्याबरोबर वरची फळी हलू बघते आणि सांधा तरी सुटतो, फळी तरी तडकते.

मागच्या जबड्याकडे येऊ. तो बेंचच्या कडेवर नुसता टेकवून बसवला, की अस्तरासकट ३५-४० मिमी पुढे येतो. मग दीड मीटरची फळी कडेवर उभी धरली की तिचं एक टोक जबड्यात आणि बाकीची अंगं हवेत. रंधा मारताना ती झोके घेते. प्रत्येक वेळी ठोकळे भरत बसायचं नसेल, तर कडेत खाच मारून जबडा आत घ्या. खाचेची खोली म्हणजे जबड्याची जाडी अधिक अस्तराची जाडी, म्हणजे अस्तराचं तोंड, बेंचची कड आणि पायाचं तोंड एकाच पातळीत येतं. दुसरा मार्ग जास्त देखणा आहे: जबड्यापुरती खाच मारायची आणि कडेच्या पूर्ण लांबीवर २०-२५ मिमी जाड पट्टी लावायची, तीच मागचं अस्तर होते. मात्र पायही तितकेच पुढे आणावे लागतात, नाहीतर पट्टी बाहेर आणि पाय आत. खाच राउटरने करा किंवा करवत-पटाशीने, पण तळ सपाट हवा. जबड्याची पाठ लाकडावर सर्वांगाने टेकली तर दाब लाकूड घेतं. मधे पोकळी राहिली तर सगळा ताण बोल्टांवर येतो आणि ते हळूहळू सैल होतात.

बसवण्यासाठी बेंच जमिनीवर उलटा घालता आला तर निम्मी दमछाक वाचते. नाही जमलं तर स्क्रूच्या शेवटची पिन किंवा कडी काढून पुढचा जबडा दांड्यांसकट बाहेर ओढा. उरलेला भाग हलका होतो आणि ठोकळ्यांवर टेकवून जागेवर धरता येतो. गुण्या लावून जबडा पृष्ठभागाशी समांतर आहे ना ते पाहा आणि मगच भोकांच्या खुणा करा.

बोल्ट की कोच स्क्रू (पान्याने आवळायचा जाड लाकूडस्क्रू)? फळी ५० मिमीपेक्षा जाड आणि टणक असेल तर १० मिमीचे कोच स्क्रू चालतात. त्यांना ७ मिमीचं आगाऊ भोक, बिटावर टेप लावून खोली ठरवून घ्या. भोक आरपार गेलं तर खूण कायम पृष्ठभागावर. तरीही माझं मत आरपार बोल्टांना आहे, निदान मागच्या दोन भोकांना. काम नेहमी स्क्रूच्या वर धरलं जातं, त्यामुळे जबड्याचा माथा मागे ढकलला जातो आणि व्हाइसचा मागचा भाग खाली उखडू पाहतो. ती ओढ मागच्या बोल्टांवरच येते. बोल्टाचं डोकं वरून १२ मिमी तरी आत घ्या आणि वर लाकडी गुडदी बसवा. डोक्याचं रुंद भोक आधी, मधलं आरपार भोक नंतर. क्रम उलटला की रुंद भोक पाडणाऱ्या फोर्स्टनर बिटाच्या टोकाला आधारच उरत नाही. खाली वॉशर घाला, चारही नट थोडे थोडे, आलटून पालटून आवळा.

अस्तराला १८-२० मिमी टणक लाकूड, रेषा जबड्याच्या लांबीने. एक गोष्ट हमखास विसरली जाते: मागचा जबडा खाचेत गेला की त्याच्या पाठीमागून स्क्रू घालता येत नाही. म्हणून मागचं अस्तर व्हाइस बसवण्यापूर्वीच लावा, किंवा समोरून स्क्रू घालून डोकी ६ मिमी आत घ्या. दोन्ही अस्तरं मुद्दाम थोडी उंच ठेवा आणि शेवटी रंध्याने बेंचच्या पातळीत आणा.

जबडे वरच्या कडेला आधी मिटले पाहिजेत. बऱ्याच व्हाइसमध्ये हा कल मुळातच दिलेला असतो. वर आणि खाली कागदाची एकेक पट्टी ठेवून व्हाइस हलका मिटवा. वरची घट्ट बसून खालची सुटली तर ठीक. उलटं झालं तर पुढचं अस्तर खालच्या बाजूला रंधून वरच्यापेक्षा मिलिमीटर-दीड मिलिमीटर पातळ करा. काम निसटत असेल तर एका जबड्यावर चामडं चिकटवा, खडबडीत बाजू बाहेर.

काम जबड्याच्या एकाच टोकाला धरलं की दुसरं टोक आत झुकतं, दांडे तिरके होतात आणि पकड जाते. तो व्हाइसचा दोष नाही. रिकाम्या टोकाला तेवढ्याच जाडीचा तुकडा घाला.

पुढच्या जबड्यात वर सरकणारा डॉग (बेंचवर आडवं ठेवलेलं काम अडवणारी खुंटी) असेल तर बेंचवरची भोकं त्याच्या मध्यरेषेवर पाडा, १९ किंवा २० मिमी व्यासाची, १०० ते १५० मिमी अंतराने. पहिलं भोक पाडण्याआधी खालून बघा. व्हाइसची बसकण आणि बोल्ट नेमके त्याच रेषेत असू शकतात.

स्क्रूला जाड ग्रीस नको, त्यात भुसा बसून चिखल होतो. पातळ तेलाचा हलका हात किंवा मेण पुरे. झटपट सरकणारा व्हाइस आवळताना मधेच कटकन सुटत असेल, तर बहुतेक वेळा अर्ध्या नटाच्या (स्क्रूला एका बाजूनेच धरणाऱ्या, सोडता येणाऱ्या नटाच्या) आट्यांत भुसा अडकलेला असतो. ब्रश आणि रॉकेलने तो भाग धुऊन पाहा, त्याची स्प्रिंग ढिली पडली आहे का तेही तपासा. नवा व्हाइस लावल्यावर महिन्याभराने नट पुन्हा एकदा आवळा. पॅकिंगचं लाकूड तोवर थोडं दबलेलं असतं.